दोन सेकंदांचा बहिष्कार

आमच्या जुन्या गेममध्ये गोळी लागून मेलात की दहा सेकंदांनी परत जिवंत होता. गेल्या वर्षी आलेल्या नव्या गेममध्ये बारा सेकंदांनी. बाकी सगळं तेच: तेच हेल्मेट, तीच बंदूक, लपायला तीच पडकी भिंत. पण दोन सेकंद म्हणजे काय गंमत वाटली तुम्हाला? तीनशे चाळीस माणसांचा आमचा ग्रुप त्यावरून उभा फाटला. फाटायलाच हवा होता, तत्त्वाचा प्रश्न होता.

मी त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. दिवसा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. तिथे मला कुत्रं विचारत नाही. ग्रुपवर मात्र माझा शब्द म्हणजे कायदा. मी नियमच काढला: जो नव्या गेममध्ये जाईल त्याला हाकलायचं आणि सगळ्यांनी त्याला फोनसकट सगळीकडे ब्लॉक करायचं. लिहून झाल्यावर मीच तो चार वेळा वाचला, इतका आवडला.

तिसऱ्याच दिवशी माझा सख्खा मोठा भाऊ तिकडे गेला.

आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. दादा तासाभरावरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. एरवी फोनवर आमची गाडी दोन वाक्यांत अडते, पण हेडफोन लावून खेळायला बसलो की सगळं मोकळेपणी निघायचं. वहिनीला दिवस गेल्याचंही त्याने खेळतानाच सांगितलं होतं. "काका होणार बरं का तू! अरे उजवीकडे बघ, उजवीकडे!"

बाळाला अजून तीन महिने होते. पण ग्रुप बघत होता ना! "सुरुवात घरापासून," असं लिहून मी दादाला ब्लॉक केलं. दोनशे बारा अंगठे आले. म्हटलं, आठवड्याभरात येईल नाक घासत. तो आला नाही. रोज वाटायचं, जाऊ दे, काढून टाकू ब्लॉक. तेवढ्यात कुणीतरी लिहायचं, "अ‍ॅडमिन असावा तर असा," की मी पुन्हा टम्म.

काल लॅबमध्ये कवळी घासत होतो. आमच्यातल्याच एका चोरून दोन्हीकडे खेळणाऱ्याचा मेसेज आला: "अभिनंदन, काका! मुलगी तीन आठवड्यांची झाली म्हणे."

कवळी तशीच टाकली, ब्लॉक काढला आणि दादाला फोन लावला. वहिनीने उचलला.

"भाऊजी? आहात का जिवंत?"

"वहिनी, मला कुणी..."

"तारखेच्या महिनाभर आधीच झालं सगळं. मला रक्त लागत होतं. हे वेड्यासारखे तुम्हाला फोन लावत होते. तुमचा-माझा रक्तगट एकच ना."

"मग?"

"यांच्या गेममधले चौघं धावत आले. त्यातल्या दोघांचं जुळलं. नंतर मी तुम्हाला कळवायला निघाले होते, तर हेच म्हणाले, राहू दे, त्याला नको असेल."

मग दादा आला फोनवर. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "नाक तुझ्यावर गेलंय रे तिचं."

मी सरळ रडायलाच लागलो. शेजारच्या टेबलावरचे सगळे बघत होते. "दादा, चुकलो. रविवारी येतो."

"रविवारी नको. ते चौघं येतात तिला बघायला. तू असलास की त्यांना अवघडल्यासारखं होईल."

सख्ख्या काकाला सोमवार मिळाला.