उडी न मारणारं गाणं

मित्रांनो, माझी जात पियानोची आणि वय झालेलं. आधीच सांगून ठेवतो, मी धुळीची तक्रार करायला बसलेलो नाही. धूळ बसते, कुणीतरी पुसतं, पुन्हा बसते. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवून लोकांनी गोल गोल डाग पाडले, त्याचंही मला फारसं वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी ठणकावून करणार आहे. पटली नाही तर सोडून द्या.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. सुतारांनी माझं अंग जोडलं, आत पोलादी तारा ताणल्या, तारांवर आपटायला लहान लहान हातोड्या बसवल्या. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे, पण स्वभावाने अडेल निघणार हा." पहिली काही वर्षं मी नाचाच्या शाळेत काढली. ती बंद पडल्यावर मला एका कार्टूनचे सिनेमे बनवणाऱ्या कंपनीने घेतलं.

तिथे दुसऱ्या मजल्यावर गाण्यांची खोली होती. एका भिंतीला सिनेमाची चित्रं टाचण्यांनी ओळीने लावलेली असत. समोर खिडकी, खिडकीखाली मी. माझ्यापुढे बसत त्या गाणी बांधणाऱ्या बाई. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. चित्रं काढायची ती पेन्सिलताई. केसांत खोचलेली पेन्सिल ती दिवसभर टेबलाखाली शोधायची, म्हणून हे नाव. आणि सगळ्यांच्या वर मालक.

आमचा पहिला सिनेमा एका विहीर खोदणाऱ्याच्या मुलीचा होता. ती पोर बापाबरोबर खड्ड्यात वाढलेली. खाली इतकी अडचण, की दोन्ही हात एकदम पसरायलाही जागा नाही. एके दिवशी ती वर येते, टेकडीवर चढते आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात पसरते. तिथे बाईंनी शेवटच्या कडव्याआधी चाल क्षणभर थांबवली आणि सगळं गाणं एक पायरी वर नेलं. आमच्या खोलीत त्याला 'उडी' म्हणू लागले. खरं सांगतो, वाजवताना माझ्या तारांवर काटा आला होता. लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला.

तिथेच घोटाळा झाला. मालक म्हणाले, "हेच पाहिजे, दर वेळी." झालं. दुसऱ्या सिनेमातली मुलगी गच्चीवर चढली, तिसऱ्यातली बुरुजावर. एक तर पाणबुडीत राहायची, तिलाही कुठून तरी कडा शोधून दिला. कड्यावर वारा, वाऱ्यावर केस, 'मला दूर जायचंय' असं गाणं, मग उडी आणि दोन्ही हात. त्यानंतर एखाद्या बडबड्या गाढवाचं नाहीतर बेडकाचं गाणं, त्यात ताटल्या-चमचे नाचणार. मग दुष्ट काकाचं गाणं, हिरव्या धुरात. मग नावेत बसून दोघांचं. शेवटी पहिलंच गाणं पुन्हा, सगळ्या गावाने मिळून.

तुम्ही म्हणाल, यात एवढं चिडण्यासारखं काय? मलाही त्याची लाज नाही. ओळखीचं गाणं मुलांना आवडतं. झोपाळा तरी दुसरं काय करतो, तसाच जातो आणि तसाच येतो, आणि मुलं 'अजून एकदा' म्हणतातच. ठरलेल्या चालीचा मला राग नाही. राग आहे तो गाणाऱ्या पोरीकडे न बघता गाणं तिच्या गळ्यात अडकवण्याचा.

एकदा नवा सिनेमा सुरू झाला. एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन डोंगर ओलांडते. आई डोंगरापलीकडे कामाला गेलेली, तिच्याकडे ही पोर निघालेली. मालकांनी नेहमीचं गाणं मागितलं. बाईंनी नेहमीचं दिलं. पेन्सिलताईच्या हाताखालच्या लोकांनी सवयीने कडा काढला, केस उडवले आणि उडीला दोन्ही हात पसरले. आता दोन्ही हात पसरायचे तर भावाचं काय? त्यांनी त्याला खाली ठेवला. कड्यावर. आणि मित्रांनो, एवढ्या मोठ्या कंपनीत हे एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळे केस किती छान उडतात ते बघत होते.

मग माझ्याच खोलीत पडदा लावला. कामावरच्या लोकांच्या घरची माणसं आली. गाणं सुरू झालं, उडी आली, हात पसरले, आणि पुढच्या खुर्चीवरची एक आजी म्हणाली, "अगं, पोर कुठं ठेवलंस?"

"ते बघा, कडेला बसलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"पडेल की तो. उचल गं त्याला."

ती कसली उचलते, ती वाऱ्याला मिठी मारत होती. बाकीचं गाणं कुणी ऐकलंच नाही. सगळ्यांचा जीव त्या कड्यावर टांगलेला.

दिवे लागल्यावर मालक म्हणाले, "सोपं आहे. गाण्यापुरता तो पोरगा पुसून टाका."

"मग तो गेला कुठे?" पेन्सिलताईने विचारलं.

"झोपला असेल."

"कुठे झोपला, साहेब? डोंगरावर?"

मालकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. बाई म्हणाल्या, "मी गाणंच बदलते."

"बदला. पण उडी पाहिजे. उद्या ऐकतो. नाही जमलं तर हा सिनेमा दुसऱ्या कुणाला देतो, आणि पुढचेही. हा खोकाही तेव्हाच हलवू."

खोका म्हणजे मी. त्या क्षणी बाईंचं काम आणि माझी जागा एकाच गाण्यावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बसल्या. जुनीच चाल जरा फिरवून बघत होत्या, घाबरल्या होत्या बिचाऱ्या. उडीपाशी आल्या आणि माझी एक काळी पट्टी दाबली ती वर येईना. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. नंतर सूर जुळवणारा आला तो म्हणाला, दमट हवेने लाकूड फुगलं. त्याला काय कळतंय? मी अडून बसलो होतो. पोराला कड्यावर टाकून केलेली उडी मी वाजवणार नव्हतो.

बाईंनी हात टेकले. तेवढ्यात पेन्सिलताई आली. तिने खुर्चीवरची उशी उचलली, कडेवर घेतली आणि खोलीत फेऱ्या मारायला लागली.

"काय चाललंय तुझं?"

"बघतेय. दोन पोरं वाढवलीत मी अशी. बाई, असं घेऊन चढ चढताना लांबलचक ओळ म्हणताच येत नाही. दम लागतो."

बाईंनी ओळ तोडली. छोटी केली.

"आणि ओरडून तर मुळीच नाही. उठेल ना तो."

बाईंनी आवाज उतरवला. पेन्सिलताई डुलत चालत होती, बाई तिच्या पावलांवर वाजवत होत्या. मग जिथे उडी होती तिथे ताई थांबली. उशी या कडेवरून त्या कडेवर घेतली आणि पुन्हा चालू लागली. बाईही थांबल्या. एवढीच जागा रिकामी ठेवली आणि पुढची ओळ खालच्याच सुरात घेतली. ओळ होती, 'थोडंच राहिलंय, राजा, थोडंच.' इतक्या वर्षांत माझ्यावर असं काही वाजलं नव्हतं.

मालकांनी ऐकलं. कपाळाला आठ्या. "उडी कुठाय?"

"पोर पडेल ना, साहेब," बाई म्हणाल्या.

"लोक झोपतील."

"झोपू देत. पण मी हे बदलणार नाही. पाहिजे तर दुसऱ्याला द्या."

धमकी दिली खरी, पण सिनेमा लागायला आलेला, दुसऱ्याला द्यायला वेळच उरला नव्हता, म्हणून मालकांनी तेच गाणं ठेवलं. सिनेमा लागायच्या आधी पुन्हा पडदा लावला, तीच माणसं आली. गाण्यात ती मुलगी थांबली, भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि खोलीतल्या कितीतरी बायकांची कंबर आपोआप हलली. ती आजी पदराने डोळे पुसत बसली.

सिनेमा धो धो चालला. मला वाटलं, जिंकलो आपण. सूर जुळवणाऱ्याने माझी पट्टीही मोकळी केली. मग एके दिवशी मालक हसत हसत आत आले.

"बाई, काय गाणं बांधलंत. आता प्रत्येक सिनेमात हेच. हळू आवाज, कडेवर पोर, मध्ये थांबायचं."

"पुढच्या गोष्टीतली मुलगी तर एकुलती एक आहे," बाई म्हणाल्या.

"मग शेजाऱ्यांचं द्या."

पेन्सिलताईला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "साहेब, या मुलीला हवंय तरी काय?"

"कुठल्या मुलीला?"

"गोष्टीतल्या."

"ते ठरवू मागाहून. आधी गाणं होऊ द्या."

"मग मीही मागाहूनच वाजवते," बाई म्हणाल्या. त्यांनी माझं झाकण लावलं, पर्स उचलली आणि गेल्या. मालक जिन्यापर्यंत हाका मारत गेले. त्या वळल्या नाहीत.

तेव्हापासून मी बंद आहे. मालक एकेकाला घेऊन येतात. येणारा बोटं मोडतो, खुर्ची सरकवतो आणि विचारतो, "कसं पाहिजे? त्या कडेवरच्या गाण्यासारखंच ना?" तो झाकण उघडतो आणि माझी ती काळी पट्टी पुन्हा खाली बसते. हवा आता कोरडी आहे, बरं का.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिश करू नका, दया तर मुळीच दाखवू नका. गाणं बांधायला याल तेव्हा आधी त्या पोरीला विचारून या, तुला काय हवंय गं. मग ती कड्यावर चढो नाहीतर चुलीपाशी बसो, तुम्ही म्हणाल ते मी वाजवीन. न विचारता आलात, तर झाकण उघडेल, पण ती काळी पट्टी वर येणार नाही.