डोहावरचे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने ऑइल इंजिन आहे. कोल्हापूरच्या एका कारखान्यात माझे लोखंड ओतले गेले आणि बैलगाडीत घालून मला कुरुंदवाडजवळच्या एका गावी आणले. माझ्या मालकाने, आकारामने, चाकाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. ओढ्याच्या काठी, त्याच्या शेतातल्या खोल डोहावर माझे काम सुरू झाले. हिरवागार ऊस पाहून लोक म्हणायचे, "आकारामचं नशीब उघडलं की या इंजिनानं!" त्या दिवसांत मला रोज कोणीतरी पुसत असे.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला आणि उरला तो आमचा डोह. शेजारच्या मीरासाबची वांगी करपू लागली. आकाराम त्याला पाणी देई, पण पिकाचा तिसरा हिस्सा घेऊन. वैशाखात त्याने निम्मा हिस्सा मागितला. मीरासाब नाइलाजाने मान डोलावून गेला. खालच्या वस्तीवरच्या बाया वाळूत झरे उकरत होत्या. माझे ओढणे चालूच होते.

आकारामची धाकटी बहीण शालूबाई कोल्हापूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. सुट्टीला आलेली ती बांधावर येऊन बसली.

"दादा, तू इकतोस तरी काय?"

"पाणी. दिसत न्हाय व्हय?"

"इंजिन तुझं, तेल तुझं, राबणं तुझं. त्याचं घे की. पण डोह कुठल्या कारखान्यात ओतून आणलास?"

आकाराम भडकला. "जमीन माझी, डोह माझा! तुझ्या तत्त्वज्ञानानं ऊस भिजत न्हाय."

"न्हाय भिजत. पण कुणाचं रान भिजवायचं आन् कुणाला तहानेलं ठेवायचं, हे तू रोज ठरवतोसच की. मग इचार करून ठरव."

  आकाराम उठला आणि त्याने मला बंद केले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मीरासाबकडून पिकाचा हिस्सा सोडून फक्त माझ्यापुरते तेल घेतले. माझा पाईप वर उचलून बांधला, म्हणजे वस्तीवरच्या बायांची घागर बुडेल एवढे पाणी डोहात उरावे. त्याचा निम्मा ऊस वाळला. त्याची बायको झुंबरबाई दिवाळीपर्यंत नणंदेशी बोलली नाही. तिलाही मी दोष देणार नाही. तो ऊस तिने स्वतः खुरपला होता.

पुढे वीज आली. डोहाभोवती मोटारी बसल्या. त्यांना धूर नाही, धडधड नाही. किती पाणी गेले ते कोणाच्या कानावरही येत नाही. आकाराम वारला. आता होळीलाच डोहाचा तळ दिसतो. मी गोठ्यामागे गंजत पडून आहे. अंगावर कोंबड्या बसतात. फार थकवा आला आहे, मित्रांनो.

मला पुसलेत, दोन थेंब तेल घातलेत, तर बरे वाटेल. नाही घातलेत तरी चालेल. पण एवढे ऐका. ओढत राहा म्हटले की यंत्र ओढत राहते. पुरे म्हणणे त्याला येत नाही. ते माणसालाच म्हणावे लागते, आणि पाणी आहे तोवरच.