दुसऱ्या टोकाला कोण होता

“पेपरात छापून आलं हाय, गुणवंतभाऊ. पेपरवाले का झोपेत लिवतेत?” हेमराज तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाला आणि पानठेल्यावरचे सगळे हसले.

बाबा हसले नाहीत. सावली गावाच्या नळयोजनेवर ते पंप चालवत, पहाटे आणि संध्याकाळी गावाला पाणी सोडत. उरलेल्या वेळात क्रिकेट वाचत. शहाण्णव साली रविवारच्या पुरवणीत प्रश्न आला : त्र्याऐंशीच्या विश्वचषकात कपिलदेवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या, तेव्हा शेवटपर्यंत दुसऱ्या टोकाला कोण होता? बाबांनी पोस्टकार्डावर किरमाणी लिहून पाठवलं. पुढच्या रविवारी उत्तर छापलं, मदनलाल. हेमराजने ते कात्रण ठेल्यात चिकटवलं.

“मदनलाल सतरावर आऊट झाला,” बाबा रोज सांगत. “मी तवाच वहीत लिवून ठेवलं.”

“वहीत त मी बी लिवतो, भाऊ. छापलेलं दाखवा.”

बाबांनी पेपरला पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. चंद्रपूरच्या वाचनालयात जुने अंक पाहायचे, तर पंपावर बदली माणूस नव्हता. एकदाच मिळाला. त्या दिवशी वाचनालयाला सुटी होती.

मी नागपूरला नोकरीला लागले, तेव्हापासून दर फोनवर तेच.

“साधना, तिथच्या लायब्ररीत पाहून दे ना वं. झेरॉक्स पाहिजे.”

“त्यानं काय होणार आहे, बाबा?”

“काही नाई होत. पन खरं हाय ना ते.”

त्या लायब्ररीत मी दर शनिवारी जात होते. स्वतःसाठी कादंबऱ्या आणत होते.

बाबा गेले त्या आठवड्यात मी तिथे त्या सामन्याचा धावफलक असलेलं पुस्तक शोधलं. दहा मिनिटं लागली.

तेरवीच्या संध्याकाळी झेरॉक्स घेऊन ठेल्यावर गेले. कात्रणाच्या जागी गुटख्याची जाहिरात होती.

“हे कायचं, बाई?” हेमराजने विचारलं.

“बाबा म्हणायचे ते. किरमाणी.”

तो आठवू लागला. आठवेना. “भाऊ त कायच्याबी गोष्टीवर भांडत.” मग कागदाकडे वाकून म्हणाला, “कपिल एकशे पंच्याहत्तर. हे त सगळ्यांले माहीत हाय.”

“खाली वाचा.”

“किरमाणी, नाबाद चोवीस.” त्याने वर पाहिलं. “मंग?”

सात वर्षं, आणि ‘मंग’. मी कागदाची घडी घालू लागले.

रस्त्यापलीकडे बाया रिकाम्या गुंड-घागरींच्या रांगेशी बसल्या होत्या. हेमराजने नळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“सात वाजले. नवा मानूस आला का नाई, काय मालूम. भाऊ असते त...”

तो थांबला.

“आखरीपर्यंत होता म्हन्ता हा?”

“हो.”

त्याने चुन्याची बोटं शर्टाला पुसली आणि कागदासाठी हात पुढे केला.