परवलीचं नाव

पुष्पाने चपला दाराबाहेर काढल्या आणि पदराच्या टोकाने पावलांची धूळ झटकली. दाराशी बसलेला शिपाई पुना आबा हसला.

"हाई देवनं घर शे, ताई. मना घरना देवलेबी इतली थंडी हवा नही."

धुळ्याच्या जिल्हा परिषदेत कॉम्प्युटर आल्यापासून त्या खोलीत धुळीला आणि चपलांना बंदी होती. यंत्राच्या कपाळावरचं पहिल्या दिवसाचं हळदकुंकू अजून कोणी पुसलं नव्हतं. आरोग्य विभागात कारकून असलेल्या पुष्पाला आज स्वतःचा पासवर्ड मिळायचा होता. मग जिल्ह्यातल्या प्रत्येक गरोदर बाईची, तान्ह्या बाळाची नोंद तिच्यापुढे उघडणार होती. साक्रीकडच्या एखाद्या पाड्यावर कोणा बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं नाही, तर ते इथे बसून दिसणार होतं. विचारानेच तिच्या अंगावर काटा आला.

यंत्र सांभाळणारा कोठारी कापडबाजारातल्या मारवाडी घरातला, तिच्याहून लहान. पण या खोलीत साहेबच. परवलीचा शब्द कसा असावा हे त्याने समजावलं. कोणालाही न सुचणारा, स्वतःला कधी विसरता न येणारा. चिठ्ठीवर लिहायचा नाही, त्यालाही सांगायचा नाही.

"मुलाचं नाव टाकू?" तिने विचारलं.

"चिंधा? ते तर पुना आबालाही ठाऊक आहे. नवऱ्याचंही नको, आधीच सांगतो."

बाहेरून आबा खाकरला. नवऱ्याचं नाव ती उखाण्याशिवाय घेत नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

कोठारी पाठमोरा झाला. पुष्पाने बोटं पुढे नेली. चिंधाचं खरं नाव होतं की. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून या लेकराला दृष्ट लागू नये यासाठी चारचौघांत चिंधा. खरं नाव आत्याने पाळण्यात कानात सांगितलं, तिथेच राहिलं. ते ती या यंत्राला देणार होती. पहिल्या अक्षरावर टेकलेलं बोट तिने चटका बसल्यासारखं उचललं. शिवाय ते नाव आत्याला ठाऊक होतं.

यंत्र घुमत होतं. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती, थांबली होती तिच्यासाठी.

आणखी एक नाव होतं. पहिल्या वेळी दिवस भरत आले तेव्हा भाकरी थापता थापता तिने मनाशी ठरवलेलं. मुलगी झाली तर. मुलगीच झाली. बारशाआधीच धनुर्वाताने गेली. ना पाळणा, ना कुठल्या कागदावर नोंद. मग घरात कोणी तिचा विषयही काढला नाही. नाव तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

तिने एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबलं. पडद्यावर अक्षर उमटेना. प्रत्येक अक्षराच्या जागी एक चांदणी. नाव यंत्राने झाकून घेतलं होतं, जसं तिने घेतलं होतं.

"पुन्हा विचारतंय," ती हळूच म्हणाली.

"खात्रीसाठी. तेच परत लिहा."

तिने परत लिहिलं. पडदा क्षणभर अंधारला आणि मग वरून खाली भराभर गावं उतरू लागली. शिरपूर, शिंदखेडा, साक्री. गावांखाली आया, आयांखाली बाळं, थांबेचनात. ते एक नाव ऐकून सगळ्या जिल्ह्याने दार उघडलं होतं. पुष्पाचे हात नकळत जुळले आणि तसेच राहिले.

"उद्याही विचारेल हे?"

"रोज. सकाळी सुरू केलं की पहिलं तेच." कोठारीला वाटलं, बाई कंटाळली. "त्याला इलाज नाही, पुष्पाताई. त्याशिवाय आत घेणारच नाही."

"रोज," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुना आबा किल्ली घेऊन आला तेव्हा बंद दाराबाहेर तिच्या चपला होत्या, आणि शेजारी ती, धुतलेल्या पावलांनी उभी.