टीव्हीचा करार आणि आत्याबाईंचा रविवार

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे सावळीराम, सत्यनारायणाची पूजा सांगायला आलेल्या गुरुजींना "याचा असर किती दिवस टिकतो?" असं तोंडावर विचारणारे गृहस्थ. गुरुजींनी उत्तरादाखल शंख फुंकला. मामंजी चपलेची गॅरंटी मागत, छत्रीची मागत, गाडीवाल्याकडे कलिंगडाचीसुद्धा मागत. घरात मिक्सर आला तो वर्षभर खोक्यातच बसला. का, तर वापरताना बिघडला तर गॅरंटी वाया जाईल. मी वर्षभर पाट्यावर वाटण वाटलं. गॅरंटी संपल्यावर मिक्सर बाहेर निघाला, तेव्हा त्याचं भांडं गळत होतं. त्या दिवशीची चटणी मी मुद्दाम तिखट केली.

टीव्हीच्या बाबतीत मात्र असं करता येत नव्हतं, कारण तो आत्याबाईंसाठी घेतला होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सिंधुबाई. नाशिकरोडला आमच्या चाळीत त्यांच्याइतकी पायाला भिंगरी लागलेली बाई दुसरी नव्हती. कुणाकडे बारसं, कुणाकडे पापड, सगळीकडे ह्या हजर. मग एक दिवस नळावर पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता उठून चालायला लागा." आत्याबाईंनी विचारलं, "आन् पुन्हा पडले तर?" तेव्हापासून त्या खाटेवर बसल्या त्या बसल्याच.

बाहेर जाता येईना म्हणून घरात टीव्ही आणला. पण खरं औषध टीव्ही नव्हता, टीव्हीमुळे येणाऱ्या बाया होत्या. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची. चिमणाबाई, कुसाबाई, भागीबाई आणि त्यांच्यामागून अर्धी चाळ अंघोळी करून, ओल्या केसांनी आमच्या खोलीत यायची. आत्याबाई शनिवारीच माझ्याकडून वेणी घालून घ्यायच्या. मालिकेत देव बोलू लागला की बाया हात जोडत, आणि जाहिराती लागल्या की गप्पा. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, सगळं आत्याबाईंना बसल्या जागी कळायचं. एवढा एक दिवस त्या जुन्या आत्याबाई असायच्या. बाकीचे सहा दिवस भिंतीकडे बघत.

टीव्हीची वर्षाची गॅरंटी संपत आली तशी मामंजींची झोप उडाली. दुकानदाराने सांगितलं, वरचे पैसे भरा, करार करा, पुढचं वर्षभर काहीही बिघडलं तरी फुकट दुरुस्ती. शिवाय तीन महिन्यांनी एकदा माणूस घरी येऊन तपासून जाईल. मनमाडहून आत्याबाईंचे भाऊ गोरक्षमामा आले होते. रेल्वेतला माणूस, यंत्रांत आयुष्य गेलेलं. त्यांनी हातच झटकले.

"दाजी, जे बिघडायचं ते पहिल्या वर्षातच बिघडतं. वर्षभर नीट चालला ना? मग आता चालंल. ते पैसे घरात ठेवा. बिघडलाच तर त्यातून दुरुस्त करा, नाय बिघडला तर दिवाळी करा."

"आणि मोठं काही झालं तर?"

"तर होईल. दुकानदाराला काय वेड लागलंय तोट्यात धंदा करायला? तो करार विकतोय म्हणजे त्याला माहीत हाय की फार बिघडत नाय."

मला मामांचं बोलणं शंभर टक्के पटलं होतं. आमच्या ह्यांनाही पटलं होतं, पण वडिलांसमोर त्यांना काहीच पटत नाही. मामंजी खाटेकडे न बघता म्हणाले, "हिचं हाड मोडलं, तेव्हा आधी कुणी सांगितलं होतं का?" दुसऱ्याच दिवशी करार झाला.

आणि टीव्ही बिघडेना! मामंजींचं खरं दुखणं इथून सुरू झालं. पैसे भरले आहेत आणि वस्तू नीट चालते आहे, म्हणजे आपण फसलो, असा त्यांचा हिशोब. ते टीव्हीच्या मागे कान लावून बसत. "गूं गूं करतोय का गं मैना?" मी म्हणे, "मामंजी, तो पंखा आहे." बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा थोडा लांबट दिसतो, ही तक्रारही त्यांनी कागदावर लिहून ठेवली. ती बाई मुळातच लांबट चेहऱ्याची होती. मागच्या गल्लीतल्या एका घरचा टीव्ही जळाला तेव्हा मामंजींच्या चेहऱ्यावर मी चक्क हेवा पाहिला.

तपासणीला दुकानातला चिमाजी आला. मामंजींनी त्याला चहा पाजला, पोहे खायला घातले आणि तक्रारींचा पाढा वाचला. चिमाजीने टीव्हीची मागची बाजू उघडली आणि तो थांबला. आत तांदळाचे दाणे होते. हळद होती, कुंकू होतं, उदबत्तीची राख होती, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या.

झालं असं होतं की मालिकेत देव प्रकट झाला की बाया नमस्कार करत आणि अक्षता टाकत. त्या टीव्हीवर पडत, टीव्हीच्या पाठीला हवेसाठी भोकं असतात, त्यातून आत जात. भागीबाई तर लग्नाचा प्रसंग लागला तेव्हा मूठभर तांदूळ घेऊन आल्या होत्या. देवाच्या लग्नाला हात आखडता कसा घ्यायचा?

चिमाजी म्हणाला, "काका, हे करारात बसत नाही. घरगुती वापर म्हणजे घरातली माणसं. इथं तर देऊळच केलंय तुम्ही. पुढच्या वेळी असं सापडलं तर करार रद्द."

रद्द म्हटल्यावर मामंजींचा चेहराच उतरला. पुढच्या रविवारी त्यांनी दाराला आतून कडी घातली. बाया आल्या. मामंजी खिडकीतून म्हणाले, "टीव्ही करारात आहे. आता यायचं नाही." चिमणाबाईंनी विचारलं, "म्हंजे आजारी हाय का?" मामंजींनी खिडकीही लावली. बाया जरा वेळ दारात कुजबुजल्या आणि गेल्या. मला इतका राग आला की हातातली ताटली आपटली.

आत टीव्ही चालूच होता. आत्याबाई खाटेवर, नवी वेणी घालून. मामंजी प्रेमाने म्हणाले, "बघ आता निवांत. कुणाची कटकट नाही." आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आठवडाभर भात नुसता चिवडत राहिल्या. शनिवारी मी तेल आणि फणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "राहू दे मैना. कोणासाठी घालू?"

रविवार उजाडला. बाहेर पायऱ्यांवर बायांचा आवाज आला. त्या दुसऱ्या चाळीत टीव्ही बघायला निघाल्या होत्या. भागीबाईंचं हसणं स्पष्ट ऐकू आलं. मामंजी कडीपाशी पहारेकऱ्यासारखे उभे. मागे खाट करकरली. मी वळले तर आत्याबाईंनी पाय खाली सोडले होते.

"अगं, काय करतेस? पडशील!" मामंजी ओरडले.

"पडंन," आत्याबाई म्हणाल्या. भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. मी धावले तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. एक पाऊल, मग दुसरं. "अहो, ह्या डब्याचं काय झालं तर दुरुस्तीला माणूस येतो. मी सहा दिवस भित्ताडाशी बोलते, तव्हा कोण येतं? सातव्या दिवशी बाया येत होत्या, त्याबी तुम्ही हाकलल्या. व्हा बाजूला."

मामंजी बाजूला झाले नाहीत. ते रडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते मला बघवलंही नाही. मग त्यांनी स्वतःच कडी काढली, एका हाताने आत्याबाईंचा दंड धरला आणि पायऱ्यांकडे तोंड करून चाळ हादरेल अशा आवाजात ओरडले, "ए चिमणाबाई! कुठं निघालात सगळ्या? ही उभी राहिलीये इकडं!"

बाया धावतच परत आल्या. आत्याबाईंना उभं बघून भागीबाईंनी मुठीतल्या सगळ्या अक्षता त्यांच्याच डोक्यावर टाकल्या. सगळ्यांनी मिळून त्यांना खाली चटईवर मधोमध बसवलं. मामंजींनी टीव्हीचं बटण दाबलं आणि नेमकी लाईट गेली. नाशिकरोडची लाईट, तिला कोण विचारणार. मामंजी कपाळाला हात लावून म्हणाले, "आता?"

कोणी ऐकतच नव्हतं. कुसाबाईंच्या भाचीचं लग्न मोडल्याची बातमी चालू होती आणि आत्याबाई सगळ्यांत पुढे सरकून "मग? मग?" करत होत्या. मी दोनदा चहा टाकला. दुपारी केव्हातरी पंखा फिरायला लागला, तरी टीव्ही लावायची आठवण कोणालाच झाली नाही, मामंजींनाही नाही.