धुवणाचं पाणी

मुलाला, रतनला, कामावरून काढलं त्या दिवसापासून रखमाबाई महेंद्र साहेबांच्या चहात आलं घालत नव्हती. एवढाच सूड तिच्या हातात होता.

वागळे इस्टेटमधल्या त्या प्रयोगशाळेत मायलेक दोघंही कामाला होते. औषधाचे बारीक कण हृदयापर्यंत पोचवायला कोणती नळी बरी, हे तिथे ताडून बघत. एक नळी रक्तवाहिनीत कण सोडायची. दुसरीच्या टोकाला सुई. ती हृदयाच्या भिंतीतच टोचायची. ही सुईची नळी साहेबांची. खाटकाकडून डुकराची हृदयं यायची. ती पंपाला जोडायची, मागाहून धुवायची, हे रखमाबाईचं काम.

टोचल्यावर सुई लगेच काढायची नाही, हे रतनच्या ध्यानात आलेलं. तो मनात तीसपर्यंत मोजायचा, मग हळूच सुई मागे घ्यायचा. नाहीतर टोचल्या वाटेनेच कण परत बाहेर. साहेबांना ते खपेना. "अरे, टोचतोयस की झोपलायस?" पुढे साहेबांच्याच घाईने कण वाया गेले, तेव्हा ठपका रतनवर आला. आता तो ठाकुर्लीत पार्सलं वाटतो.

आज दवाखान्यातून समीक्षा मॅडम आल्या होत्या. त्यांनी होकार दिला की साहेबांची नळी पेशंटपर्यंत जाणार होती.

आधी पहिली नळी एका हृदयावर चालवून झाली. मग साहेबांनी दुसऱ्या हृदयात सुई टोचली आणि झटकन उपसली. रखमाबाईच्या ओठांवर 'थांबा' आलं होतं. तिने ते गिळलं. दोन्ही हृदयं तिने दोन वेगळ्या भांड्यांत धुतली; आत न टिकलेले कण त्या पाण्यात उतरायचे.

"बघितलंत मॅडम? आमचं काम एका मिनिटात. मावशी, ते पाणी ओतून टाका."

रखमाबाई हलली नाही. "साहेब, पाणी आधी दिव्याखाली बघायचं असतं. कामाच्या वहीत लिहिलंय."

"तुम्हाला वही कधीपासून वाचता यायला लागली?"

"रतनने शिकवलं. तुम्ही त्याला घरी बसवलंत, तेव्हा वेळच वेळ होता त्याला."

समीक्षा मॅडम हसल्या नाहीत. "बघू या पाणी," म्हणाल्या.

निळ्या दिव्याखाली कण हिरवे चमकतात. पहिल्या भांड्यातलं पाणी हिरवट दिसलं. साहेबांच्या भांड्यातलं नुसतं पेटल्यासारखं झालं.

"म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेरच आलंय," मॅडम म्हणाल्या. " पेशंटच्या अंगात हे कुठे गेलं असतं?"

"सुई जरा घाईत निघाली," साहेब म्हणाले.

"मग किती वेळ ठेवायची?"

साहेबांनी रखमाबाईकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट.

"ते मोजणारा ठाकुर्लीला राहतो," ती भांडी उचलत म्हणाली. "पत्ता साहेबांकडे आहे. काढून टाकल्याचं पत्र त्यांनीच धाडलेलं."

मग तिने चहा ठेवला. साहेबांच्या कपात भरपूर आलं किसून घातलं. तो कप संध्याकाळपर्यंत टेबलावर तसाच होता.