कसरीचं चौथं कडवं

आमच्या घरी कापड कापायचं ते गाणं म्हणत. आई शिवणकाम करायची. टेबलावर कापड अंथरून खडूच्या रेघा मारल्या की कात्री आणि गाणं एकदमच सुरू. गाणं संपेपर्यंत कात्री खाली ठेवायची नाही, हा तिचा नियम. आणि उरलेली एकूण एक चिंधी गाठोडं बांधून गिऱ्हाइकाला परत. गाणं होतंच तसं.

पेटीमध्ये शिंपिणीच्या चिंध्यांची रास,
एक चिंधी देता तिच्या जिवाला त्रास.

दारी आली थरथरत म्हातारी बाई,
शिंपीण म्हणे, चिंधीसुद्धा शिल्लक नाही.

म्हातारीचा शाप लागे, झाली ती कसर,
पोटामध्ये कापड, अंगी नाही पदर.

कसर म्हणजे कपडे खाणारा तो किडा. चौथं कडवंही होतं, पण आईखेरीज ते फक्त मला यायचं. तिसरं होईपर्यंत पहिला तुकडा कापून व्हायचा, तो घेऊन ताई मशीनवर बसायची आणि त्या खडखडाटात पुढचं तिला ऐकूच जायचं नाही. मी टेबलाखाली चिंध्या वेचत असायचे.

टेबलाखालची ती टेबलाखालीच राहिली म्हणा. आई थकली तेव्हा दुकान, दोन्ही मशीनं, वरची खोली, सगळं तिनं ताईच्या नावावर केलं. का, तर ताईला मुलं आहेत आणि मी एकटा जीव. वीस वर्षं काजं-बटणं करून माझ्या डोळ्यांचं मातेरं झालं, ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात लागले. त्या घराची पायरी पुन्हा चढले नाही.

दोन वर्षांनी ताईच दारात आली. आईची एक बाजू लुळी पडली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं.

"दिवसभर मला गाणं म्हणायला लावते," ताई म्हणाली. "तीन कडवी झाली की चौथं, चौथं करत बसते. मला कुठं येतंय ते? चल ना गं. दोन ओळी म्हण नि लगेच नीघ. हवं तर पाणीसुद्धा पिऊ नकोस आमच्याकडे."

गेले. मला बघून आईनं चांगला हात उचलला आणि कात्री चालवावी तशी दोन बोटं हवेत हलवली. मी म्हणायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा आईला हवी ती वस्तू ताईकडे नव्हती, माझ्याकडे होती.

तिसरं संपलं आणि मी उठले.

"अगं, पुढचं?" ताई म्हणाली.

मी आईकडे बघितलं. "दुकान जिला दिलंस, तिलाच विचार."

आईची बोटं हलतच होती. मी जिना उतरले. मनात म्हटलं, बसू दे चार दिवस वाट बघत. कळू दे जरा. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा येऊन म्हणेन.

शुक्रवारी आई गेली.

ताईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, मोकळी झाले असते. ती एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत बोटं चालू होती गं तिची. कात्री काही खाली ठेवेना." मग तिनं विचारलं, "काय होतं ते चौथं?"

मला म्हणवेना. नुसतं सांगितलं.

लेकीनं मग आईसाठी चिंधी दिली दान,
कसरीची झाली बाई, आलं तिला भान.

"एवढंच?" ताई म्हणाली.

एवढंच. आईला ते माझ्याआधीपासून पाठ होतं. तिला ते लेकीच्या तोंडून हवं होतं, आणि माझ्याकडे असून मी दिलं नाही.